गेटिसबर्गच्या टेकडीवरचे प्राध्यापक

1820 साली प्रिन्स्टनची सेमिनरी सोडताना एकवीस वर्षांच्या सॅम्युअल सायमन श्मुकर यांनी आयुष्यात तीन गोष्टी करायच्या ठरवल्या होत्या. लुथरन धर्मशिकवणीचा एखादा भारदस्त जर्मन ग्रंथ इंग्रजीत आणायचा. पाळक घडवणारी सेमिनरी काढायची. आणि लुथरन मुलांसाठी एक कॉलेज उभे करायचे. बारा वर्षांत या तिन्ही गोष्टी पुऱ्या झाल्या. इतक्या लवकर पुऱ्या झालेल्या संकल्पांनंतर उरलेली चाळीस वर्षे माणूस कसा जगतो, त्याची ही हकीकत आहे.

अमेरिकेतल्या लुथरन चर्चच्या इतिहासात श्मुकर यांचे नाव येते ते बहुतेक वेळा एका वादामुळे, आणि त्यांच्यावरचे लेखन त्या वादातच अडकून पडते. मला त्यांचे आयुष्य त्यांच्या घराकडून पाहावेसे वाटते. वर्गात त्यांनी जे मोठे प्रश्न हाताळले, ते सगळे पुढे त्यांच्याच घराचा उंबरा ओलांडून आत आले. गुलामगिरी लग्नाच्या नात्याने आली, धर्मवाद मुलाच्या रूपाने आला आणि युद्ध तर भिंती फोडून आले.

श्मुकर यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1799 रोजी मेरीलँडमधल्या हेगर्सटाउनला झाला. वडील जॉन जॉर्ज श्मुकर हे जर्मनीतून आलेले लुथरन पाळक. 1809 मध्ये त्यांना पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्कची मंडळी मिळाली आणि मुलगा तिथेच वाढला. घरात आणि चर्चमध्ये जर्मन, बाहेर रस्त्यावर इंग्रजी, असे हे बालपण होते. त्या काळच्या लुथरनांपुढचा रोजचा प्रश्नही हाच होता. उपदेश जर्मनमध्ये चालू ठेवला तर तरुण पिढी शेजारच्या मेथडिस्ट नाहीतर प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये जाऊन बसत होती, आणि इंग्रजीत आणला तर म्हातारी माणसे दुखावत होती. त्यातच पाळकांची टंचाई. एकेक पाळक घोड्यावरून हिंडून चार-चार मंडळ्या सांभाळत असे. न्यूयॉर्क राज्यातली हार्टविक ही लहानशी संस्था सोडली, तर पाळक व्हायचे म्हणजे एखाद्या वडीलधाऱ्या पाळकाच्या घरी राहून शिकायचे, एवढीच सोय होती. म्हणून हा लुथरन मुलगा शिकायला प्रेस्बिटेरियनांच्या प्रिन्स्टनला गेला. दुसऱ्या पंथाच्या माणसांत मिळालेली ती आपुलकी त्यांच्या मनात कायमची राहिली आणि पुढच्या भांडणाचे एक मूळही तिथेच आहे.

त्यांची पहिली मंडळी व्हर्जिनियातल्या शेनंडोआ खोऱ्यात, न्यू मार्केटला होती. हे गाव हेन्केल घराण्याचे. हेन्केल मंडळी कट्टर जुन्या वळणाची, स्वतःचा छापखाना असलेली, आणि सगळ्या लुथरन सिनडांना, म्हणजे मंडळ्यांच्या प्रादेशिक संघांना, एका छत्राखाली आणू पाहणाऱ्या नव्या जनरल सिनडची कडवी विरोधक. त्या जनरल सिनडसाठी धडपडणारा तरुण पाळक नेमका त्यांच्या दारात येऊन राहिला. 1823 मध्ये पेन्सिल्व्हेनियाची सर्वांत मोठी आणि जुनी सिनड जनरल सिनडमधून बाहेर पडली, तेव्हा ती संस्था मोडल्यात जमा होती. ती तगवण्यासाठी पत्रे लिहीत, गावोगाव फिरत माणसे जोडणाऱ्यांत हा चोवीस वर्षांचा पाळक पुढे होता.

आणि त्याच वर्षी त्यांचे घर मोडले. 1821 मध्ये त्यांचे एलिनोरा गायगर यांच्याशी लग्न झाले होते. जानेवारी 1823 मध्ये मुलगा झाला आणि जुलैमध्ये एलिनोरा वारल्या. मुलाचे नाव त्यांनी सॅम्युअल मोशाइम ठेवले होते. मोशाइम हे अठराव्या शतकातले गाजलेले लुथरन चर्च-इतिहासकार. पुढे दुसऱ्या मुलाच्या नावात लुथरचे सहकारी मेलांख्थन यांचे नाव आले. या घरात पाळण्यातल्या मुलालासुद्धा चर्चच्या इतिहासातले नाव मिळत असे. सहा महिन्यांचे आईविना मूल, मंडळीचे काम, जनरल सिनडचा पत्रव्यवहार, आणि त्यातच घरी शिकायला ठेवलेले काही तरुण. त्यांच्या सेमिनरीची खरी सुरुवात न्यू मार्केटच्या या घरात झाली असे मी मानतो.

1825 मध्ये त्यांनी दुसरे लग्न केले. मेरी कॅथरीन स्टीनबर्गन या व्हर्जिनियातल्या सुखवस्तू घराण्यातल्या, आणि त्या प्रदेशात सुखवस्तू घराणे म्हणजे गुलाम बाळगणारे घराणे. या नात्यातून गुलामगिरी श्मुकर यांच्या संसारात आली. पुढे ज्यांनी गुलामगिरी पाप आहे असे विद्यार्थ्यांना शिकवले, त्यांच्या स्वतःच्या संसाराची ही बाजू त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. काळच तसा होता, असे म्हणून मी त्यांना सूट देणार नाही. त्याच काळात, त्याच देशात गुलाम बाळगायला ठाम नकार देणारे क्वेकर होते आणि श्मुकर यांना ते ठाऊक होते. पेन्सिल्व्हेनियात तर 1780 पासून गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा होता. बाहेरून राहायला आलेल्या माणसाने सोबत गुलाम आणला, तर सहा महिन्यांनी तो गुलाम कायद्याने मोकळा होत असे. व्हर्जिनियातून उत्तरेला सरकणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला या कायद्याचा हिशेब करावाच लागे.

श्मुकर कुटुंब उत्तरेला आले 1826 मध्ये. जनरल सिनडने सेमिनरी काढायची ठरवली होती आणि जागेसाठी हेगर्सटाउन, कार्लाइल आणि गेटिसबर्ग या गावांत चढाओढ लागली होती. गेटिसबर्गने पैसे देऊ केले, शिवाय गावातल्या अॅकॅडमीची इमारतही वापरायला दिली आणि बाजी मारली. 5 सप्टेंबर 1826 रोजी सेमिनरी सुरू झाली. प्राध्यापक एकच. हिब्रू, ग्रीक, धर्मशिकवण, चर्चचा इतिहास, उपदेश कसा करावा, मंडळी कशी सांभाळावी, हे सगळे सत्तावीस वर्षांचा हा एकटा माणूस शिकवणार होता. पहिला संकल्पही त्याच वर्षी पुरा झाला: स्टोर आणि फ्लाट या जर्मन विद्वानांच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथाचा त्यांचा अनुवाद प्रसिद्ध झाला. हेगर्सटाउनचे पाळक बेंजामिन कुर्ट्झ युरोपभर फिरून सेमिनरीसाठी वर्गणी आणि पुस्तके गोळा करत होते. सेमिनरीचे ग्रंथालय उभे राहिले ते जर्मनीतल्या लोकांनी आपल्या कपाटातून काढून दिलेल्या अशा पुस्तकांवर.

प्राध्यापकाने घ्यायची शपथही श्मुकर यांनीच लिहिली. ऑग्सबर्ग विश्वासांगीकार, हे लुथरन श्रद्धेचे 1530 चे मूळ पत्रक, आणि लुथरच्या प्रश्नोत्तऱ्या यांत देवाच्या वचनातल्या मूलभूत शिकवणीचे योग्य सार आहे, असे प्राध्यापकाने जाहीर करायचे. शिथिल झालेल्या चर्चला पुन्हा आपल्या मूळ पत्रकाकडे वळवणारा हा माणूस त्या दिवसांत जुन्या वळणाचा वाटत होता. एकोणतीस वर्षांनी हीच शपथ विरोधकांनी त्यांच्यापुढे धरली.

1832 मध्ये गावाच्या पश्चिमेच्या लांबट टेकडीवर सेमिनरीची विटांची इमारत उभी राहिली. वर घुमटी, आत वर्ग, ग्रंथालय आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या. तिच्या बाजूला प्राध्यापकांसाठी घरे झाली आणि त्यांतले एक श्मुकर कुटुंबाचे. टेकडीला लोक सेमिनरी रिज म्हणू लागले. तिसरा संकल्पही याच वर्षी मार्गी लागला: पेन्सिल्व्हेनिया कॉलेजला सनद मिळाली. कॉलेजसाठी राज्याकडून पैसे मिळवून देण्याची खटपट विधानसभेत थॅडियस स्टीव्हन्स यांनी केली. ते तेव्हा गेटिसबर्गमध्येच वकिली करत होते. पुढे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गुलामगिरीचे सर्वांत कडवे विरोधक म्हणून ते गाजले.

त्या घरात पुढे पंधरा वर्षे मेरी कॅथरीन यांचा मोठा संसार चालला. पोराबाळांनी भरलेले घर, शेजारच्या इमारतीत राहणारे विद्यार्थी, सिनडच्या कामासाठी येणारे पाळक. वर्ग आणि घर यांच्यात अंतर काही पावलांचे होते. श्मुकर यांनी 1834 मध्ये सामान्य वाचकासाठी धर्मशिकवणीचे एक पुस्तक लिहिले, 1838 मध्ये सगळ्या प्रोटेस्टंट पंथांनी एकत्र यावे म्हणून एक मोठे आवाहन प्रसिद्ध केले आणि 1846 मध्ये इव्हँजेलिकल अलायन्सच्या स्थापनेसाठी ते लंडनला गेले. एवढे बाहेरचे काम करणाऱ्या माणसाचे घर कोणी तरी चालवावे लागते, ते या बाईंनी चालवले. चर्चच्या इतिहासांत त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येते, आणि हा मोठा अन्याय आहे. 1848 मध्ये त्या वारल्या. पुढच्या वर्षी श्मुकर यांनी एस्थर वॅग्नर यांच्याशी तिसरे लग्न केले.

सेमिनरीतल्या सगळ्या विद्यार्थ्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 1835 मध्ये आलेला डॅनियल अलेक्झांडर पेन. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचा हा तरुण जन्माने मोकळा पण काळा. काळ्या मुलांसाठी त्याने शाळा चालवली होती. राज्याने काळ्यांना शिकवण्यावर बंदी घालणारा कायदा केला आणि 1835 मध्ये ती शाळा बंद पडली. तो उत्तरेला आला आणि श्मुकर यांच्या वर्गात बसला. गोऱ्या विद्यार्थ्यांसोबत एका काळ्या माणसाने धर्मशास्त्र शिकावे, हे त्या वेळच्या अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी घडत होते, आणि इथून मेरीलँडची हद्द, म्हणजे गुलामगिरीचा मुलूख, दहा मैलांच्या आतच होता. पेनने गावातल्या काळ्या मुलांसाठी रविवारची शाळाही चालवली. डोळ्यांच्या दुखण्यामुळे दोन वर्षांनी त्याला शिक्षण अर्धवट सोडावे लागले. 1839 मध्ये न्यूयॉर्कमधल्या गुलामगिरीविरोधी फ्रँकियन सिनडने त्याला लुथरन पाळकाची दीक्षा दिली, पण त्याचे आयुष्य गेले आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या सेवेत. आपल्या लोकांत तू अधिक काम करू शकशील, असा श्मुकर यांचाच सल्ला होता. त्या सल्ल्यात कळकळ होती हे खरे. पण स्वतःचे लुथरन चर्च या माणसाला सामावून घेणार नाही, ही कबुलीही त्यात होती. पेन 1852 मध्ये बिशप झाले आणि 1863 मध्ये ओहायोतल्या विल्बरफोर्स विद्यापीठाचे अध्यक्ष. आफ्रिकन मेथडिस्ट चर्चमधल्या पाळकांनी शिकलेच पाहिजे, यासाठी ते आयुष्यभर झगडले.

  

आता तो वाद. 1840 नंतर जर्मनीतून हजारोंनी नवे लुथरन अमेरिकेत येत होते आणि सोळाव्या शतकातल्या विश्वासांगीकारावर त्यांची अक्षरशः निष्ठा होती. श्मुकर यांचे मत असे की लुथरन चर्च अमेरिकेत रुजायचे असेल, तर शेजारच्या प्रोटेस्टंटांशी त्याचे जुळले पाहिजे. सप्टेंबर 1855 मध्ये पाळकांच्या हाती एक पुस्तिका पडली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. ऑग्सबर्ग विश्वासांगीकारात पाच चुका आहेत असे तीत म्हटले होते: मिसाच्या विधींना दिलेली मान्यता, खासगी पापकबुली, शब्बाथाच्या दैवी बंधनाचा नकार, बाप्तिस्म्यानेच नवा जन्म होतो ही शिकवण, आणि प्रभुभोजनात ख्रिस्ताचे शरीर व रक्त खरोखर हजर असते ही शिकवण. या चुका वगळून केलेली अमेरिकन आवृत्तीही तीत जोडली होती आणि सिनडांनी ती स्वीकारावी अशी सूचना होती.

पुस्तिका श्मुकर यांची आहे हे लपले नाही. ओहायोतल्या काही लहान सिनडांनी ती मानली आणि बाकीच्यांनी झिडकारली. फिलाडेल्फियाचे पाळक विल्यम ज्युलियस मान यांनी पुढच्याच वर्षी ऑग्सबर्गच्या बाजूने उत्तर लिहिले. जेम्स अॅलन ब्राउन या तरुण पाळकाने श्मुकर यांच्या शिकवणीवर जाहीर हल्ला चढवला. मतांतर करण्याचा श्मुकर यांचा हक्क मी मान्य करतो. अमेरिकेतल्या मंडळ्यांची नाडी त्यांना ठाऊक होती आणि त्यांचा हेतू स्वच्छ होता. पण ज्या पत्रकावर प्राध्यापकाने शपथ घ्यायची, ते बदलण्याचा प्रस्ताव निनावी मांडणे ही त्यांची गंभीर चूक होती. शिक्षकाने असे मत वर्गात आणि स्वतःच्या नावाने मांडायला हवे. या पुस्तिकेने त्यांची तीस वर्षांची पत घालवली.

सगळ्यात खोल जखम जवळच्यांकडून झाली. सहकारी प्राध्यापक चार्ल्स फिलिप क्राउथ शेजारच्या घरात राहत. त्यांचा मुलगा चार्ल्स पोर्टरफील्ड क्राउथ हा श्मुकर यांचाच विद्यार्थी, आणि तोच पुढे जुन्या विश्वासांगीकाराच्या बाजूचा सर्वांत विद्वान नेता झाला. श्मुकर यांचा स्वतःचा मुलगा बील मेलांख्थन हाही बापाच्या सेमिनरीत शिकून पाळक झाला आणि क्राउथच्या बाजूला गेला. तो जुन्या लुथरन उपासनापद्धतीचा गाढा अभ्यासक झाला; 1868 चे चर्च बुक आणि 1888 चा सामाईक उपासनाविधी यांत त्याचा मोठा वाटा आहे. वडिलांना जे कालबाह्य वाटत होते, ते मुलाने आयुष्य देऊन जपले. थोरला सॅम्युअल मोशाइम वेगळ्याच वाटेने गेला. काही काळ पाळकी करून तो वकील झाला, आडनावाचे स्पेलिंग बदलले आणि लोकप्रिय चरित्रे व इतिहास लिहून त्यावर पोट भरू लागला. देशाच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत चाललेल्या अंतर्गत युद्धाच्या इतिहासाचे लेखन त्याने हाती घेतले होते. मे 1863 मध्ये चाळिसाव्या वर्षी तो फिलाडेल्फियाला वारला.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ते युद्ध टेकडीवर आले. दक्षिणेचे सैन्य पेन्सिल्व्हेनियात शिरल्याची बातमी येताच गेटिसबर्गच्या काळ्या कुटुंबांनी घरेदारे सोडून पळ काढला, कारण हे सैन्य मोकळ्या काळ्या माणसांनाही पकडून दक्षिणेला नेत होते. 1 जुलैच्या सकाळी उत्तरेचे घोडदळ-अधिकारी जॉन बफर्ड यांनी सेमिनरीच्या घुमटीतून शत्रूच्या हालचाली पाहिल्या. दुपारी उत्तरेच्या फौजेने याच टेकडीवर शेवटचा तग धरला आणि संध्याकाळच्या सुमारास ती गावातून मागे हटली. पुढचे दोन दिवस टेकडी दक्षिणेच्या ताब्यात होती. तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 51,000 सैनिक मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले.

सेमिनरीची इमारत इस्पितळ झाली. व्यवस्थापक झीग्लर यांचे कुटुंब त्या इमारतीतच राहत असे. लढाईत ते बाहेर पडले आणि परतल्यावर जखमींच्या सेवेला लागले; मुलगी लिडियाने पुढे त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या. वर्गात, ग्रंथालयात, विद्यार्थ्यांच्या खोल्यांत सहाशेहून अधिक जखमी ठेवले होते. शेवटचे जखमी हलले ते सप्टेंबरच्या मध्यात.

श्मुकर यांच्या घराचे जे झाले ते त्यांनी त्याच उन्हाळ्यात संचालकांना दिलेल्या अहवालात आहे. सैनिकांनी आतल्या माणसांना बाहेर काढले, दारे, टेबले, पुस्तकांची कपाटे फोडली. तोफांचे तेरा गोळे भिंती भेदून गेले. काही भोके दोन ते तीन फूट लांब होती. खिडक्यांच्या चौकटी मोडल्या, बहुतेक काचा फुटल्या, बागेचे आणि सेमिनरीच्या जमिनीचे कुंपण जमीनदोस्त झाले. चाळीस वर्षे जमवलेली पुस्तके आणि कागद विखुरले. गुलामगिरीविरुद्ध त्यांनी लिहिले-शिकवले होते हे दक्षिणेत माहीत होते, म्हणून घराची नासधूस मुद्दाम झाली असेही म्हटले जाते. युद्धात सापडलेल्या घराला कोणी पत्ता विचारत नाही, हेही तितकेच खरे. मला या अहवालात भावते ते त्याचे कोरडे नेमकेपण. चौसष्ट वर्षांचा, नुकताच थोरला मुलगा गमावलेला माणूस कुंपणाच्या फळ्यांचा हिशेब देतो आणि त्यात एक शब्द तक्रारीचा घालत नाही.

1864 मध्ये श्मुकर निवृत्त झाले. त्यांच्या जागी जेम्स अॅलन ब्राउन आले, 1857 मध्ये त्यांच्यावर उघड तुटून पडलेले तेच ब्राउन. त्याच वर्षी जनरल सिनडची सभा यॉर्कला, श्मुकर यांच्या बालपणीच्या गावी भरली. पेन यांना दीक्षा देणाऱ्या फ्रँकियन सिनडला तिथे प्रवेश मिळाला. तिने ऑग्सबर्ग विश्वासांगीकार रीतसर स्वीकारलेला नाही, या आक्षेपावरून, मधल्या काळात जनरल सिनडमध्ये परतलेल्या पेन्सिल्व्हेनिया सिनडचे प्रतिनिधी उठून गेले. त्यांनी फिलाडेल्फियाला वेगळी सेमिनरी काढली आणि तिथे शिकवायला पोर्टरफील्ड क्राउथ गेले. आपल्या हातांनी सावरलेली संघटना श्मुकर यांनी डोळ्यांदेखत दुभंगताना पाहिली आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा विद्यार्थी होता, मुलगा होता. 26 जुलै 1873 रोजी ते गेटिसबर्गला वारले आणि तिथल्याच एव्हरग्रीन दफनभूमीत त्यांना पुरले.

मतभेदांच्या पोटात काय टिकले, हे पाहायचे तर त्यांच्या तीन संकल्पांकडे पुन्हा वळायला हवे. अनुवादाचा ग्रंथ आज कोणी वाचत नाही. कॉलेज गेटिसबर्ग कॉलेज या नावाने चालू आहे. सेमिनरीच्या जुन्या इमारतीत 1 जुलै 2013 रोजी, लढाईला दीडशे वर्षे झाली त्या दिवशी, संग्रहालय उघडले. तिथे जखमी सैनिकांइतकीच जागा गुलामगिरीच्या प्रश्नाला आहे. श्मुकर यांचे घर डागडुजी होऊन अजून उभे आहे. आणि 1 जुलै 2017 पासून गेटिसबर्ग आणि फिलाडेल्फिया या दोन सेमिनरी युनायटेड लुथरन सेमिनरी या नावाने एकच संस्था म्हणून चालतात.